मार्शमेलोच्या वड्या मऊ ठेवायच्या तर

लोणी, मार्शमेलो आणि तांदळाचं फुलवलेलं सिरियल. अमेरिकेतल्या शाळांच्या खाऊविक्रीपासून ऑफिसातल्या पॉटलकपर्यंत (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) सगळीकडे दिसणाऱ्या राइस क्रिस्पीज ट्रीटमध्ये एवढे तीनच जिन्नस असतात. हे सिरियल, म्हणजे राइस क्रिस्पीज, केलॉगने 1928 साली बाजारात आणलं. पुढे 1939 मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीकला कंपनीच्याच स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी त्याच्या वड्या बसवल्या. कॅम्प फायर गर्ल्स या मुलींच्या संघटनेला निधी जमवण्यासाठी सहज करून विकता येईल असा खाऊ हवा होता. ओव्हन लागत नाही, पंधरा मिनिटांत काम उरकतं, त्यामुळे ही पाककृती घरोघरी पोचली.

इतकी सोपी असूनही पहिल्या खेपेला ती बहुतेकांची बिघडते. पातेल्यातून काढताना लुसलुशीत असलेल्या वड्या दोन तासांत अशा होतात की दाढेला त्रास. किंवा दुसऱ्या दिवशी आतलं सिरियल सादळलेलं आणि मार्शमेलो मात्र चिवट. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मार्शमेलोतलं पाणी.

हा मुळात पाकच आहे

लाडवांसाठी ज्यांनी कधी पाक केला आहे त्यांना हे कोडं अर्धं सुटल्यासारखंच आहे. मार्शमेलो म्हणजे साखर आणि कॉर्न सिरपचा पाक, त्यात जिलेटिन घालून हवा भरेपर्यंत फेटलेला. त्यात पाच-सहा भागांत साधारण एक भाग पाणी असतं आणि मऊपणा त्या पाण्याचा असतो. आपण तो आचेवर ठेवतो तेव्हा झालेला पाक पुन्हा शिजवायला घेत असतो. पाणी उडत गेलं की पाक पुढे जातो. मऊ गोळीचा पाक 112 ते 116 अंश सेल्सिअसला होतो, घट्ट गोळीचा 121 ते 130 ला, आणि त्याच वाटेने पुढे गेलं की चिक्की. पातेल्यात हे सगळे टप्पे दिसायला सारखेच, पांढरे आणि ताणले जाणारे. फरक कळतो तो गार झाल्यावर.

गंमत अशी की इतक्या उष्णतेची गरजच नसते. जिलेटिन आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपासच सैल पडतं. मार्शमेलो वितळायला कोमट ते गरम एवढी ऊब पुरते. पातेल्याच्या कडेला बुडबुडे यायला लागले, तर मर्यादा ओलांडली असं समजा.

प्रमाण

खोक्यावरचं अमेरिकन प्रमाण पाठ करायला सोपं आहे: तीन टेबलस्पून लोणी, 10 औंसांची म्हणजे 283 ग्रॅमची मार्शमेलोची एक पिशवी आणि सहा कप सिरियल. सहा कपांचं वजन 160 ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच दिवशी फस्त होणार असतील तर हे ठीक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ हव्या असतील तर मार्शमेलो आणि लोणी दोन्ही वाढवावं लागतं. वजनाचा सोपा नियम असा: सिरियलच्या दुप्पट मार्शमेलो, आणि मार्शमेलोच्या पाचव्या हिश्शाएवढं लोणी.

23 सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यासाठी:

सिरियल 150 ग्रॅम (सुमारे साडेपाच कप)
मार्शमेलो 300 ग्रॅम. त्यातले 250 वितळवायला, 50 शेवटी तसेच मिसळायला
लोणी 60 ग्रॅम
व्हॅनिला इसेन्स 1 टीस्पून
मीठ पाव टीस्पून. बटर खारं असेल तर बिलकूल नको

कोरड्या हवेत राहणाऱ्यांनी यात एक टेबलस्पून लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप घालावं. केकचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते साखरेचे खडे बनू देत नाही आणि ओलावा धरून ठेवतं. मध चालतो, पण त्याची चव पुढे येते.

एवढ्या मिश्रणाच्या वड्या तीन-साडेतीन सेंटिमीटर जाड होतात, आणि ते मुद्दामच आहे. पातळ वडीला आकाराच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून ती लवकर सुकते. 33 × 23 सेंटिमीटरच्या मोठ्या ट्रेमध्ये हेच मिश्रण पसरलं तर वड्या सुबक दिसतात, पण संध्याकाळपर्यंत कडक होतात.

खरेदी करताना

मार्शमेलो ताजे हवेत, याला पर्याय नाही. पिशवी बाहेरून दाबून पाहा. आतले तुकडे सुटे हलले पाहिजेत आणि बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. दाबताना टणक कड लागली तर तो माल आधीच सुकलेला आहे आणि कितीही मंद आचेवर वितळवला तरी वड्या कडकच होणार. सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला असेल तर पिशवीला उष्णता किंवा दमटपणा लागला आहे. भारतात उन्हाळ्यानंतर हे फार दिसतं. उत्पादनाची तारीख वाचून घ्या. लहान मार्शमेलो घेतले तर लवकर आणि एकसारखे वितळतात. मोठेच मिळाले तर कात्रीला तेलाचा हात लावून चार तुकडे करा. आत जॅम भरलेले नकोत. गुलाबी-पांढरे मिसळलेले चालतात, फक्त वड्या फिक्या गुलाबी होतील आणि बहुधा स्ट्रॉबेरीचा वास येईल. मार्शमेलोवर कॉर्नफ्लोअरचा थर जाड दिसला तर चाळणीत घालून झटकून घ्या.

शाकाहारी मंडळींसाठी: साध्या मार्शमेलोतलं जिलेटिन प्राण्यांपासूनच येतं, तेव्हा पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्या. मात्र शाकाहारी मार्शमेलो वेगळे वागतात. ज्यात अगर म्हणजे आपलं चायना ग्रास असतं ते 85 अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय सैलच पडत नाही. तोवर कोरड्या पातेल्यात पाणी उडून जातं. असे मार्शमेलो थेट आचेवर ठेवू नका. 250 ग्रॅमला दोन टेबलस्पून पाणी घाला, उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवा, वर झाकण, आणि मधून मधून ढवळा. वेळ दुप्पट लागतो आणि मिश्रण कधीच तितकं तार धरत नाही. वड्या चवीला चांगल्या होतात, पण जिलेटिनवाल्यांची बरोबरी त्यांच्याकडून मागू नये.

कुरमुरे चालतील का?

चालतील, पण वजनाने बरोबरीत घालायचे नाहीत. राइस क्रिस्पीज बारीक आणि जड असतं: एका कपात 26-27 ग्रॅम. कुरमुरे त्याच कपात 15 ग्रॅमच्या आसपास मावतात. 150 ग्रॅम कुरमुरे घेतले तर जवळजवळ दहा कप होतील, आणि 300 ग्रॅम मार्शमेलो त्यांना कोरडेच ठेवेल. वरच्या प्रमाणासाठी 80 ते 90 ग्रॅम पुरेत. सांगली-कोल्हापूरकडे भडंगासाठी वापरतात ते जाड चुरमुरे यासाठी जास्त चांगले, कारण ते पटकन वातड होत नाहीत.

कुरमुरे चाळून घ्या आणि कढईत अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटं परता. बोटात चुरताना कट्ट आवाज यायला हवा. ते सहसा खारे असतात, म्हणून लोणी बिनमिठाचं घ्या. सिरियलचं खोकं बरेच दिवस उघडं असेल तर तेही ओव्हनमध्ये 150 अंशांवर पाच मिनिटं ठेवा. पाच मिनिटांची ही खटपट टाळली तर सादळलेलं सिरियल वडीत जाऊन आणखी सादळतं, आणि मग लोक दोष मार्शमेलोला देतात.

ग्लूटेन टाळणाऱ्यांना एक सूचना: तांदळाचं असलं तरी राइस क्रिस्पीजमध्ये बार्लीचं माल्ट असतं. कुरमुऱ्यांमध्ये ते नसतं.

कृती

डब्यात बटर पेपर घालून त्याला लोण्याचा पुसट हात लावा. सिरियल मोजून शेजारी ठेवा, 50 ग्रॅम मार्शमेलो वेगळे काढा. एकदा मार्शमेलो वितळला की कपाटात काही शोधायला वेळ मिळत नाही.

मोठं, जाड बुडाचं पातेलं घ्या, कारण सिरियल त्यातच मिसळायचं आहे. सगळ्यात लहान बर्नरवर सगळ्यात मंद आच. गॅस तरीही मोठाच वाटत असेल तर खाली तवा ठेवा, दूध आटवताना ठेवतो तसा. अमेरिकेतल्या कॉइलच्या इलेक्ट्रिक शेगडीची आच बंद केल्यावरही बराच वेळ टिकते, म्हणून तिथे नुसतं बटण बंद करून भागत नाही. पातेलं उचलून बाजूला ठेवावं लागतं.

लोणी वितळू द्या. लाल होऊ द्यायचं नाही. ग्लुकोज घालणार असाल तर आत्ता, मीठही आत्ता. मग 250 ग्रॅम मार्शमेलो घाला आणि सिलिकॉनच्या चमच्याने बुडातून उचलून उचलून हलवत राहा. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. इथे आच वाढवण्याचा मोह होतो, आणि बहुतेक वड्या इथेच बिघडतात. पाच-सहा मिनिटांत कडा सुटून मिश्रण एकजीव व्हायला लागेल. साधारण तीन चतुर्थांश वितळलं आणि थोड्या गाठी दिसत असल्या की पातेलं उतरवा. राहिलेल्या गाठी पातेल्याच्या उबेनेच विरतात. व्हॅनिला घाला.

मायक्रोवेव्हमध्ये करायचं तर काचेचा खूप मोठा बोल घ्या. आतली हवा प्रसरण पावून मार्शमेलो फुग्यासारखा फुगतो आणि लहान बोलच्या काठावरून बाहेर येतो. एका वेळी 30 सेकंद, मग ढवळणं, पुन्हा 30 सेकंद. एकूण दीड-दोन मिनिटं पुरतात. सलग तीन मिनिटं लावून निघून जाऊ नका. मिश्रणाचा काही भाग बाकीच्याच्या कितीतरी आधी पुढे गेलेला असतो.

आता सिरियल, दोन-तीन हप्त्यांत. ढवळायचं नाही, खालून वर उलथवायचं, शिऱ्यात वेलची मिसळतो तितक्या हलक्या हाताने. जोरात ढवळलं तर सिरियलचा चुरा होतो, आणि चुरा मार्शमेलोतला ओलावा जास्त पितो. सगळ्या दाण्यांना पांढरी चकाकी आली की मागे ठेवलेले 50 ग्रॅम मार्शमेलो टाका आणि चार-पाच वेळा उलथवून थांबा. हे तुकडे पूर्ण वितळायला नकोत. न शिजलेला, पाणी न गमावलेला मार्शमेलो वडीत जागोजागी राहतो आणि तेच घास दुसऱ्या दिवशी सगळ्यात मऊ लागतात.

थापू नका

मराठी हाताला सवय असते वडी थापायची. ताटात मिश्रण घालायचं, वाटीच्या बुडाला तूप लावायचं आणि दाबून दाबून गुळगुळीत करायचं. नारळाच्या वडीला ते शोभतं. इथे तसं केलं तर सिरियलमधल्या पोकळ्या बुजतात, दाणे चिरडतात, आणि सगळं इतकं घट्ट बसतं की पाक अचूक असूनही वडी दगड लागते. अनेकांच्या कडक वड्यांना आच नाही, तळहात जबाबदार असतो.

मिश्रण डब्यात ओता. हाताला लोणी लावा किंवा वर लोणी लावलेला बटर पेपर ठेवा, आणि फक्त कोपऱ्यांपर्यंत पोचेल इतकं ढकला. वर उंचवटे राहू द्या. कडा मोकळ्या सुटून येतील एवढाच दाब पुरे. वडी कापताना भुरभुरली तर पुढच्या वेळी किंचित जास्त दाबा. सुरुवात मात्र कमी दाबाने करा.

खोलीच्याच तापमानाला 45 मिनिटं ते तासभर ठेवा. लवकर व्हावं म्हणून फ्रिजमध्ये नको. मग धारदार सुरीला लोणी पुसून सरळ खाली दाबत कापा, करवतीसारखं पुढे-मागे करू नका.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं

गार झाल्यावर टणक, पण चावताना काचेसारखा तुकडा पडतो: पाक पुढे गेला. आच जास्त होती किंवा वितळल्यावरही पातेलं शेगडीवर राहिलं. चावताना चिवट आणि जड, पण तुकडा पडत नाही: दाबून बसवलं.

जिभेला रवाळ लागतं: साखरेचे खडे झाले. मार्शमेलो जुना होता किंवा तापवून, गार करून पुन्हा तापवला गेला. मिश्रण पातेल्यातच घट्ट झालं म्हणून परत शेगडीवर ठेवण्याची चूक अनेक जण करतात. त्यापेक्षा एक टीस्पून गरम पाणी घालून हलवा.

डब्याच्या तळाशी तुपकट थर: लोणी जास्त, किंवा लोणी पूर्ण मिसळण्याआधी सिरियल घातलं. आणि डब्यात मिळणारं, पावावर लावायचं मऊ मार्जरिन वापरू नका. त्यात पाण्याचा भाग मोठा असतो, सिरियल लगेच मऊ पडतं.

साजूक तूप वापरता येतं, पण हिशेब बदलून. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. 60 ग्रॅम लोण्याऐवजी 50 ग्रॅम तूप आणि दोन टीस्पून पाणी घ्या. लोणी मुद्दाम लालसर करून घालणाऱ्यांनाही हेच लागू. सुवास अप्रतिम येतो, पण लोण्यातलं पाणी त्यात उडून गेलेलं असतं. दोन टीस्पून पाणी परत दिलं नाही तर वड्या कोरड्या होतात.

साठवण

वडी तयार झाली तरी पाण्याची हालचाल थांबत नाही. मार्शमेलो ओला, सिरियल कोरडं. बंद डब्यातही ओलावा हळूहळू एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. म्हणूनच जुन्या वडीत मार्शमेलो चिवट आणि सिरियल मऊ, असं दोन्ही एकदम होतं. हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, दोन दिवस उत्तम, तिसऱ्या दिवशी चालतील. शक्य असेल तर सगळ्या वड्या कापूच नका. आख्खी लादी ठेवा, लागेल तशी कापा, आणि कापलेल्या कडेला क्लिंग फिल्म चिकटवा.

डब्यात पावाची स्लाइस ठेवण्याची युक्ती अमेरिकेत प्रसिद्ध आहे. पावाचा ओलावा वड्यांना मिळतो आणि पाव वाळून टोस्ट होतो. एका रात्रीपुरती ती कामाची आहे. त्याहून जास्त ठेवली तर कुरकुरीतपणा जातो.

हवा कुठली, त्यावरही बरंच ठरतं. न्यू जर्सी किंवा शिकागोतल्या हिवाळ्यात घरातली हीटिंगची हवा इतकी कोरडी असते की उघडी वडी तासाभरात कडेने टणक होते. तिथे ग्लुकोज घाला आणि प्रत्येक वडी स्वतंत्र गुंडाळा. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात जुलै महिन्यात नेमकी उलटी तऱ्हा. साखर हवेतलं पाणी ओढते, वड्या ओघळतात, बोटांना चिकटतात. पावसाळ्यात ग्लुकोज आणि मध दोन्ही वगळा, लोणी 50 ग्रॅमवर आणा, आणि एसी लावलेल्या खोलीत गार करून लगेच डबाबंद करा.

फ्रिज मात्र दोन्हीकडे वर्ज्य. थंडीने लोणी गोठतं, जिलेटिन ताठर होतं, आणि बाहेर काढल्यावर वडीवर दव जमून सिरियल सादळतं. फ्रीझर चालतो. प्रत्येक वडी गुंडाळून, हवाबंद डब्यात थर देऊन सहा आठवड्यांपर्यंत ठेवता येते. खायच्या आधी गुंडाळलेलीच 15 ते 20 मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे दव वरच्या कागदावर जमेल, वडीवर नाही.

कडक झालेली वडी मायक्रोवेव्हमध्ये पाच ते आठ सेकंद ठेवली की मऊ होते, पण गरम आहे तोवरच. गार झाली की आधीपेक्षा टणक. म्हणून एका वेळी एकच तापवा आणि लगेच खा. ज्या खेपेचा पाकच पुढे गेला आहे ती अशीही सुटत नाही. तिचे बारीक तुकडे करा आणि आइस्क्रीमवर पेरा.